चिंचेनं धुतलेल्या नळ्या

खरं सांगते, आमचे हे गेल्यापासून मी चर्चला जायची ती नुसती सवयीनं. प्रार्थनेला डोळे मिटायचे, पण आत एक शब्द उमटायचा नाही. देवाशी अबोलाच धरला होता म्हणा ना!

बिलोलीकडच्या आमच्या जुन्या चर्चमध्ये पाइप ऑर्गन होता, धातूच्या नळ्यांचा, एकेका नळीतून एकेक सूर निघणारा. हे तो वाजवायचे. पुढं मंडळी पांगली, छत गळायला लागलं, म्हणून ऑर्गन लातूरच्या चर्चला द्यायचं ठरलं. उतरवताना मिस्त्रीनं प्रत्येक नळीवर तिच्या जागेचा आकडा खडूनं घातला. आणि मी काय केलं? लेक सासरी धाडताना मळकी कशी धाडायची, म्हणून एकेक नळी चिंच लावून घासली, लख्ख केली. आकडे गेले धुऊन! गाडी भरेपर्यंत कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मीही गाडीबरोबर लातूरला गेले. तिथं तो ढीग बघून मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. उंचीनं लावायला जावं तर सारख्या दिसणाऱ्याच कितीतरी, अन् आवाज भलताच. तीन दिवस खटपट झाली. शेवटी तिथल्या चर्चचे पाळकसाहेब हळूच म्हणाले, "ताई, ऱ्हाऊ द्या आता. शोभेला ठेवू." माझा जीव तुटला. ह्यांचा सूर मी माझ्याच हातानं पुसला, असं वाटून पायरीवर रडत बसले.

तेवढ्यात बासऱ्या विकणारे एक म्हातारे बाबा आवारातल्या नळावर पाणी प्यायला आले. आत डोकावून म्हणाले, "अगं माय, एवढाल्या बासऱ्या? कोण वाजवतंय?" मी सगळं सांगितलं. ते हसले. "डोळ्यानं लावून राहिले व्हय? कानानं लावाव्या लागतेत, बाई." त्यांनी एक नळी उचलून फुंकली, कान दिला, बाजूला ठेवली. मग दुसरी. दिवस कलेपर्यंत बाबा फुंकत होते, अन् मिस्त्री त्यांच्या मागं नळ्या बसवत होता.

भात्यात हवा भरली. मी पट्टीवर बोट ठेवलं आणि ह्यांचा तोच भरदार सूर! बाबा चहा पिऊन, बासऱ्या खांद्यावर टाकून बाजाराकडं निघून गेले. नाव विचारायचं राहूनच गेलं. लातुरात नळ काय कमी आहेत? त्यांना नेमकी इथंच तहान का लागावी, हे मला अजून कळलेलं नाही.

रविवारी तिथंच उपासनेत ऑर्गनवर गीत झालं, मी डोळे मिटले, आणि कित्येक वर्षांनी शब्द आले. "प्रभू, माझाही आकडा पुसला गेलाय. कुठं बसायचं ते मला कळंना. तू ऐकून लाव."