घरात कापूस हाये काय?

आमच्या दुकानात इलेक्ट्रिक गाडी घ्यायला कोणीही आलं, की दुरुस्ती बघणाऱ्या आपा लाकडी हातोडी काउंटरवर आपटायच्या आणि विचारायच्या, "घरात कापूस हाये काय?"

गिऱ्हाईक दचकायचंच. ते बिचारं गाडीचा रंग पाहायला आलेलं असायचं. एकदा एक काका-पुतणे हा प्रश्न ऐकून बाहेर गेले, दुकानाची पाटी पुन्हा वाचली आणि मग आत आले. मी गळ्यात टाय बांधून, हसरा चेहरा करून त्यांना खुर्ची द्यायचो. ती टाय मालकाची हौस होती. आपांनी त्यावरून माझं नावच टायवाल्या ठेवलं होतं.

तुम्ही म्हणाल, अशी बाई मालकाने ठेवली कशाला? तर अख्ख्या अमरावतीत मोटरला नुसता कान लावून आतली कोणती गुंडाळी जळली ते सांगणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून. विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी भरण्यात आपांचा जन्म गेला होता. तांब्याची तार गुंडाळायची आणि त्या हातोडीने ठोकून खाचेत बसवायची. भातकुलीकडून बैलगाडीत घालून मोटरी यायच्या. मग अशी काही वर्षं आली, की संक्रांतीलाच विहिरी कोरड्या पडू लागल्या. "मोटर जळ्याले बी पानी लागते रे बाबा," आपा म्हणायच्या. स्वतःच्या दुकानाला कुलूप लावून त्या आमच्याकडे आल्या, येताना हातोडी तेवढी घेऊन आल्या.

ती हातोडी फक्त तारेवर चालत नसे. धारणीकडच्या एका मास्तरांना मी चाकात मोटर असलेली झोकदार स्कूटर जवळजवळ विकलीच होती. आपांनी त्यांना विचारलं, शाळा कुठे? मास्तर म्हणाले, घाट चढून पलीकडे. आपांनी माझ्या गुडघ्यावर अशी हातोडी हाणली, की मी खालीच बसलो.

"गुरुजी, ही घ्याल तर अर्ध्या घाटात ढकलत न्याल. हिची मोटर चाकातच हाये. चढावर चाक हळू फिरते, पन करंट जास्तच खाते, अन् तापून मरते. तुमी पायडलजवळ मोटर असलेली सायकल घ्या. तिले गेर हायेत. बैल दमला का आपन सोप्या चढाची वाट धरतो ना, तसं."

गाडी कशी चालते हे मला कंपनीच्या लोकांनी तीन दिवस शिकवलं होतं. डोक्यात काही शिरलं नव्हतं. आपांनी एक चाक खोलून ते दहा मिनिटांत समजावलं. "पंपाच्या मोटरीत बाहेरचं थांबते अन् आतलं फिरते. इथी आतलं थांबते अन् बाहेरचं फिरते. एवढाच फरक. हे डब्बं हाये ना, कंट्रोलर, हा मुकादम. तुह्या मुठीनं त्याले हुकूम देल्ला, का तो बॅटरीतून तेवढाच करंट सोडते. समजलं?" मी मान हलवली. "काय समजलं, सांग." मला सांगता आलं नाही. टपली बसली.

बिनलायसन्सच्या गाडीचा वेग बांधून ठेवणारी एक बारीक तार असते. ती तोडली की गाडी सुसाट सुटते आणि मोटर, बॅटरी दोघींचं आयुष्य अर्ध्यावर येतं. ती तोडून वर तक्रार घेऊन आलेल्या एका धटिंगणाला आपांनी कॉलर धरून फुटपाथवर नेलं आणि चार माणसांदेखत थोबाडीत दिली. त्याने हात उगारला, तेव्हा त्याच्या बोटांवर हातोडी पडली. दुसऱ्या दिवशी तो बोटं बांधून आला आणि "आपा, तेवढी तार जोडून द्या" म्हणाला. त्यांनी जोडून दिली, चहाही पाजला.

कापसाच्या प्रश्नावर मात्र चेष्टा चालायची नाही. मी एकदा केली. तेव्हा आपा ओरडल्या नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्यांचे मिस्टर कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. "कापूस भडकत नाई, धुमसते. वरून पांढरा, आत लाल. त्यायनं ढिगात हात घातला, 'थंड हाये' म्हनले, अन् दुसरा हात घातला. घरी वापस आले नाई." एवढंच बोलल्या आणि तार गुंडाळू लागल्या.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. भाव पडला की कापूस घरात येतो. माजघरात आढ्यापर्यंत ढीग. माणसं ओसरीत निजतात, लेकरं ढिगावर. त्या वर्षी बोंडअळीने निम्मं खाल्लं आणि उरलेल्याला भाव नव्हता. त्यामुळे ज्याच्या त्याच्या घरात कापूस होता आणि विचारलं तर कोणी धड सांगत नव्हतं. ज्याच्या घरी तो असेल, त्याला बॅटरी काढून नेता येईल अशीच गाडी द्यायची आणि बॅटरी ओट्यावर चार्ज करायला सांगायची, हा आपांचा कायदा होता.

तो कायदा मी मोडला. भातकुलीच्या अलीकडच्या एका गावातली नर्सबाई आली होती. रोज चार गावं पायी हिंडायची. घरी म्हातारा सासरा आणि तीन वर्षांची मुलगी. काढत्या बॅटरीची गाडी तेव्हा दुकानात नव्हती आणि महिना संपत आला तरी माझा विक्रीचा आकडा भरला नव्हता. आपा मागे काम करत होत्या. मीच हळूच विचारलं. बाई खाली बघून म्हणाली, "हाये थोडासाक." मागून आपांनी ओरडून विचारलं, "कापूस हाये काय रे?"

"नाही म्हणतात," मी म्हणालो.

बाईने माझ्याकडे पाहिलं. पण तिलाही गाडी हवीच होती. गाडी गेली.

दोन महिन्यांनी एका दुपारी तिचा फोन आला. मी जेवत होतो, म्हणून स्पीकर लावला. "भाऊ, चार्जर लई तापून राह्यलं. त्याचा पंखा बी वाजत नाई आता. सकाळी जळका वास येत होता. मी आज ड्युटीले बसनं आली, गाडी घरी चार्जिंगलेच हाये."

आपांनी माझ्या हातातून फोन घेतला. "चार्जर कुठी ठेवलं व बाई?"

"कापसावर. खाली ठेवलं का पोट्टी पाय देते ना त्याच्यावर."

आपांनी माझी टाय धरली आणि मला मारलं. एकदा नाही. डबा उलटला, माझ्या नाकातून रक्त आलं. मी तोंड लपवलं नाही, कारण लपवायला तोंडच नव्हतं. "पंख्यात कापूस गेला असंन, हरामखोरा! घरी कोन हाये?" घरी सासरा होता आणि मुलगी होती. म्हातारा फोन उचलत नव्हता, शेजाऱ्यांचा लागत नव्हता.

डेमोची स्कूटर दारात उभी होती. आपांनी सीट उचलली, खाली वाकल्या आणि ती वेगाची तार, जिच्यासाठी त्यांनी माणसाची बोटं फोडली होती, दातांनी तोडली. "बस मांगं."

दोघांचं वजन, समोरून वारा आणि मूठ पूर्ण पिळलेली. बॅटरीचे आकडे माझ्या डोळ्यांसमोर उतरत होते. वाटेत एका बैलगाडीवाल्याने बैल आडवे घातले, त्याला आपांनी चालत्या गाडीवरून लाथ घातली. गावाच्या शिवेत गाडी बंद पडली. आम्ही पळालो. पन्नाशीची ती बाई माझ्या पुढे होती.

म्हातारा ओट्यावर बसला होता. ओळख ना पाळख, एक बाई वाघिणीसारखी माजघरात घुसतेय म्हटल्यावर तो काठी घेऊन मागे आला. आत वास होता, धूर नव्हता. पांढराशुभ्र ढीग, त्याला खेटून गाडी. वर मुलगी झोपलेली, तोंडात अंगठा. आपांनी तिला दंडाला धरून उचललं आणि माझ्याकडे फेकली. हो, फेकलीच. मी झेलली. मग त्यांनी प्लग उपटला. चार्जर उचलला तर खाली ताटाएवढं काळं वर्तुळ होतं. आपांनी त्यात कोपरापर्यंत हात घातला.

"आत लाल हाये," त्या म्हणाल्या. "पोट्टीले घेऊन भाईर हो! पानी आना!"

"माह्या कापसाले हात लावतं?" म्हाताऱ्याने पाठीत काठी घातली. आपा वळल्या, त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली, त्याला उंबऱ्याबाहेर ढकललं आणि परत ढिगाकडे गेल्या. त्यांना आग फुटायच्या आत कापूस गाडीपासून दूर न्यायचा होता. बॅटरी पेटली असती तर शेजारची घरंही गेली असती. त्या कवेत भरभरून कापूस मागच्या दाराने फेकू लागल्या. पहिली कव पांढरी होती. दुसरी पिवळी. तिसरी उचलली तशी आतल्या विस्तवाला हवा लागली आणि ढीग फाटून जाळ आला.

मी मुलीला घट्ट धरून अंगणात उभा होतो. आत जायला हवं होतं. गेलो नाही. लोक घागरी घेऊन धावले तोवर आपांनी पेटत्या बाह्यांनी स्कूटर मागच्या दारातून बाहेर लोटली होती. कापूस सगळा गेला. आढं कोसळलं. म्हातारा मातीत बसून स्वतःचंच डोकं बडवत होता. संध्याकाळी गावातल्या पोरांनी दुकानाची काच फोडली आणि मला तुडवलं. मी हात वर केला नाही.

दवाखान्यात मी चौथ्या दिवशी गेलो. आधी हिंमत झाली नव्हती. अकोल्याहून आपांची लेक आली होती, ती मला ओळखत नव्हती म्हणून तिने स्टूल दिलं. आपांचे दोन्ही हात खांद्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. आता तार गुंडाळणं होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पोट्टी कशी आहे, हे त्यांनी पहिलं विचारलं. बरी आहे म्हटलं. दंड सुजलाय थोडा.

"मीच वढली," त्या म्हणाल्या. मग मला न्याहाळलं. "आज बी टाय?"

"दुकानातून आलो, आपा."

"सोड."

मी टाय सोडली.

"तुले अजून एक द्याची राह्यली. माहे हात असे. तूच मार."

त्या हसत नव्हत्या. मी स्वतःच्या थोबाडीत मारली. लेक उठून उभी राहिली.

"हे काय मारनं झालं? गिऱ्हाइकाले कुरवाळून राह्यला काय? जोरात."

मी जोरात मारली. कानात घुमलं. नाकाची जखम उघडली आणि मी रडू लागलो. आपांनी डोळे मिटून घेतले. "हं. आता जा. उद्यापासून तू इच्यारजो."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. तिसऱ्याही दिवशी विचारलं. आठव्या दिवशी अकोल्याच्या लेकीचा फोन आला, तेव्हा समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. जखमा चिघळून आपा पहाटे गेल्या होत्या. मी फोन ठेवला, त्यांची हातोडी उचलली आणि काउंटरवर आपटली.