चिमण्याच्या क्रेटचं ड्रॉइंग

“बघा म्याडम, सूतभर हालणार न्हाय,” दिनकरराव म्हणाले आणि त्यांनी ती पेटी दोन्ही हातांनी गदागदा हलवली. आतलं कुत्रं खरंच हललं नाही. हलायला जागाच नव्हती. तीन बाजूंना जाड फोम, वर लोखंडी पत्रा, आणि त्या पत्र्याखाली चिमण्या पाय वाकवून, मान खाली घालून कसाबसा उभा. समोरच्या जाळीतून तो माझ्याकडे बघत होता.

“आधी त्याला बाहेर काढा,” मी म्हटलं.

“का? बसतंय की बरोब्बर!”

“बसतंय म्हणूनच काढा.”

हे चाललं होतं कागलच्या एमआयडीसीत, दिनकररावांच्या कारखान्यात. ते मोठ्या कंपन्यांना मशिनचे सुटे पार्ट बनवून देतात. चिमण्या त्यांच्या मुलीचा, अमृताचा कुत्रा. जातीनं कारवान, म्हणजे उंच, सडपातळ, लांब मानेचा. त्याचं नाव ठेवणाऱ्यानं त्याला फक्त पिल्लू असताना पाहिलं असावं. अमृता जर्मनीत नोकरी करते आणि तिला तो तिकडे हवा होता. पाळीव प्राणी विमानाच्या कार्गोनं पाठवणं हा माझा धंदा. पूर्वी मुंबईत कार्गोतच नोकरी केली, आता कोल्हापुरात स्वतःचं ऑफिस आहे.

लोकांना वाटतं, कुत्र्याला सुटकेसच्या ढिगात टाकून देतात. तसं नसतं. प्राणी विमानाच्या पोटात ठेवतात हे खरं, पण तिथली हवा आणि तापमान सांभाळलेलं असतं. घात होतो तो बहुतेक वेळा वाईट क्रेटमुळे. क्रेट म्हणजे प्राण्याची प्रवासाची पेटी. नियम सोपा आहे. आतल्या प्राण्याला कान वर लागू न देता उभं राहता आलं पाहिजे, जागच्या जागी वळता आलं पाहिजे आणि अंग टाकून झोपता आलं पाहिजे. हवा चारी बाजूंनी खेळली पाहिजे. हे मी दिनकररावांना फोनवर सांगितलं होतं, ऑफिसात सांगितलं होतं, आणि आता कारखान्यात परत सांगत होते.

“म्याडम, पेटीत माल हालला की मार खातोय. माझा एक पीस वाटेत डॅमेज झाला न्हाय आजपातूर.”

“तुमचा पीस श्वास घेत नाही, दिनकरराव.”

“म्हणून तर म्होरं जाळी ठेवलीया.”

“आणि उंची कशी मोजलीत?”

“झोपला हुता तवा मोजली. उभा केला की पळतंय.”

मी कपाळाला हात लावला. माझ्या गाडीत विमान कंपनी घेते तसला तयार क्रेट होता. तो आणून दाखवला. दिनकररावांनी त्यावर नखानं टकटक केलं. “प्लास्टिक? ह्यात मी कोंबडी बी पाठवणार न्हाय.”

माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच दिसत होतं. एवढा लांबचा प्रवास, फोममध्ये कोंबलेलं कुत्रं, घाबरून धापा टाकतंय आणि अंगातली उष्णता बाहेर जायला वाट नाही. असं कुत्रं पोचत नाही. बरं, थांबायचीही सोय नव्हती. मायक्रोचिप, रेबीजची लस, रक्ताचा रिपोर्ट आणि त्यानंतरची सक्तीची वाट पाहणं, असं सगळं करता करता उन्हाळा तोंडावर आला होता. ऊन वाढलं की विमान कंपनी कुत्री घेणं बंद करते. हे बुकिंग गेलं असतं तर पावसाळ्यापर्यंत काही जमलं नसतं.

“या पेटीतून मी त्याला पाठवणार नाही,” मी म्हटलं.

“मग दुसरा एजंट बघतो की.”

“जरूर बघा.”

घरी येईपर्यंत मी गाडीत एकटीच बडबडत होते. चहा टाकला तोवर दिनकररावांच्या बायकोचा फोन आला. वहिनींचा आवाज दबका होता.

“म्याडम, रागावू नका. अमृतानं परस्पर लगीन केलं, तवापासनं हे तिच्यासंगं एक अक्षर बोलल्यालं न्हाईत. तिनं कुत्रं मागितलं ते बी माझ्याकडं. ह्यांनी ऐकलं, उठलं आणि सरळ कारखान्यात जाऊन पत्रा कापाय लागलं. इकतचा डबा ते न्हाईच घ्यायचं.”

“अहो वहिनी, पण त्यात कुत्रं जीव सोडेल!”

“ते मला कळतंय. ह्यांना सांगून कळत न्हाय. तुमी ड्रॉइंग द्या. ड्रॉइंगवर असलं की हे का म्हणून इचारत न्हाईत.”

मी फोन ठेवला आणि इतके दिवस फुकट घालवल्याचा मला भयंकर राग आला. नियमामागचं कारण, कुत्र्याचं शरीर, हवेचा झोत, सगळं मी या माणसाला शाळेतल्या बाईंसारखं समजावत बसले होते. त्याला ते नकोच होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चिमण्याला उभं करून मोजलं. ओळखीच्या एका इंजिनिअरकडून रीतसर ड्रॉइंग करून घेतलं. समोरून, बाजूनं, वरून. आतली लांबी, रुंदी, उंची. चारी बाजूंना जाळी. फोम नाही. बाहेरून पाणी ओतता येईल असं भांडं. कोपऱ्यात ‘कस्टमर’ असा चौकोन होता, त्यात मी अमृताचं नाव घातलं.

दिनकररावांनी कागद टेबलावर पसरला. बोट फिरवत सगळी मापं वाचली. नावाच्या चौकोनाशी बोट जरा थांबलं. मग म्हणाले, “रिव्हिजन कितवी?”

“पहिलीच.”

“काय बदल असला तर आत्ताच सांगा. मागनं आमी बदलत न्हाय.”

बस, एवढंच. का, कशाला, एक प्रश्न नाही. मला हसावं की तिथंच डोकं आपटून घ्यावं कळेना.

क्रेट मात्र असा केला की मी बघतच राहिले. चिमण्याची जीभ कापू नये म्हणून जाळीची एकेक तार घासून गुळगुळीत केली होती. सवय व्हावी म्हणून त्याचं जेवण रोज क्रेटमध्येच ठेवलं. चिमण्या आत शिरायचा, वळायचा आणि पाय ताणून झोपायचा. पेटी उचलायला चार कामगार लागले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. पण आता बदल सांगायची चोरी होती.

मुंबईला दिनकरराव स्वतः आले. कार्गोच्या माणसानं टेप लावून क्रेट मोजला, जाळी दाबून पाहिली आणि काट्यावर चढवला. त्यानं आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, पण पास केला. दिनकरराव जाळीशी वाकले. “चिमण्या, हुबा ऱ्हा जरा.” चिमण्या उभा राहिला. कान कुठंही लागले नाहीत. “बसतंय,” ते म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागले. मी उगाच कागद चाळत राहिले.

चिमण्या सुखरूप पोचल्याचा मेसेज आला. त्यानंतर दिनकरराव न सांगता माझ्या ऑफिसात हजर झाले.

“म्याडम, ड्रॉइंग चुकलं तुमचं.”

“काय चुकलं?”

“अमृताचा फोन आलता. आईला न्हाय, मला.” ते खुर्चीत टेकले. “लई भांडली. एवढा जड डबा करत्यात व्हय पप्पा, जिन्यानं वर न्हेताना कंबरडं मोडलं म्हणली. तासभर भांडली बघा.” त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या मावळत नव्हतं.

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“खरं त्ये सांगितलं. ड्रॉइंगात वजन लिवलं न्हवतं. चूक म्याडमची हाय.”

हल्ली कोणी घरचा क्रेट बनवतो म्हणालं की मी वाद घालत नाही, पहिल्याच दिवशी ड्रॉइंग हातात ठेवते. त्यात कमाल वजन ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. दिनकररावांच्या ड्रॉइंगमध्ये ते राहून गेलं, याचं मात्र मला अजून तरी वाईट वाटलेलं नाही.