धुऱ्यावरच्या मोहाचा पाक

नवरा दारूनं गेला तेव्हा दोष वाटायला सगळं गाव जमलं. कुणी म्हणालं संगत वाईट होती. कुणी म्हणालं बायको तोंडाची फटकळ, मग माणूस घरी बसेल कसा. माझ्या धाकट्या दिरानं तर आमच्या शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, मोहाचं झाडच धरलं. त्याच झाडाखाली बसून दादा प्यायला शिकला म्हणे. सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा दोष आला, पेला तोंडाला लावणारा तेवढा सुटला. मी तेव्हा रडले नाही. त्याचीही गावभर चर्चा झाली, ती मी होऊ दिली.

आमचं शेत अकोटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. कपाशी आणि तूर. माझा वाटा आणि दिराचा वाटा यांच्या मधल्या धुऱ्यावर हा मोह उभा आहे, त्याच्या सावलीत मी रोजची भाकर खाते. झाड दोघांचं असल्यामुळे शेवटचा शब्द सासूबाईंचा. यंदा कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या आणि दीर आरा मशीनवाल्याला घेऊन शेतात आला. त्या माणसानं खोडाला मिठी मारून घेर पाहिला. संध्याकाळी दीर ओसरीवर बसून मला म्हणाला, "वहिनी, आखाजी झाली का मोह पाडून राहिलो. मायनं हो म्हटलं हाय." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे पितरांना जेवू घालायचा सण.

सासूबाई बाजूलाच तूर पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मला राग आला तो झाडासाठी आला असं म्हणता येणार नाही. झाड पडलं असतं तर तो हिशेब कायमचा मिटला असता. सगळे म्हणाले असते, दारूला कारण असलेलं झाड पाडलं, आता घर शुद्ध झालं. आणि माझा नवरा मेल्यानंतरही निर्दोष सुटला असता. ते मला मान्य नव्हतं. तो स्वतःच्या पायानं जायचा, स्वतःच्या हातानं प्यायचा.

"भाऊजी, झाड पेत नसते," मी म्हटलं. "यंदाचे फुलं मी येचते आनं त्याचा पाक करते. आखाजीच्या चिंचवणीत गुळाच्या जागी तोच पडन. तुमच्या दादाच्या पानात वाढीन. मंग पाडा, पाडायचं असन तं."

दीर हसला. "वहिनी, मोहाची एकच वस्तू बनते, आनं ते बनवनाऱ्याइचे गाडगे तुमीच फोडता."

ते खरं होतं. गावातल्या बायकांच्या दारूबंदी मंडळाची मी म्होरकी आहे. नाल्यात लपवलेली गाडगी आम्ही फोडली, आणि वेळ आली तर पुन्हा फोडीन. फोडण्याआधी आमची एक रीत असे. सापडलेल्या बाटलीतलं वाटीभर विस्तवावर टाकायचं. भडका उडाला की दारू, मग कुणाची रडारड ऐकायची नाही. मोहाबद्दल माझं शिक्षण इतकंच होतं. डोंगरातल्या धारणीकडच्या बायका फुलं उकळून गोड पाक करतात आणि तो पोरं भाकरीशी खातात, हे फक्त बाजारात ऐकलेलं.

पण बोलून बसले होते, आणि बोललेलं मागे घेण्याची मला सवय नाही.

फाल्गुन लागला आणि मोह गळायला लागला. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत फुलं पडत राहतात, टप टप, पांढुरकी, रसानं फुगलेली. लोक खालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात. मी जुन्या साड्या एकीला एक शिवून झाडाखाली अंथरल्या. सकाळी जाताना अंगावर शाल लागे, परतताना डोक्यावरचा पदर तापलेला असे. दुपारी डोंगराकडून ढग येत, आणि ढग आले की झाड दुसऱ्या दिवशी रुसल्यासारखं थोडीच फुलं टाकी. हवामान इतकं लहरी की आज काय होईल हे कावळ्यालाही सांगता आलं नसतं.

पहिली फुलं मी घराच्या स्लॅबवर वाळत घातली. ती विटकरी रंगाची होईपर्यंत सुकवायची असतात. दोन दिवस छान ऊन मिळालं. तिसऱ्या दिवशी पावसाचे थेंब पडताच मी धावत वर गेले, फुलांवर ताडपत्री ओढली, कडेला विटा ठेवल्या आणि स्वतःचीच पाठ थोपटली. पाऊस संध्याकाळभर पडला. दुसरा दिवसही कुंद गेला. फुलं भिजतील म्हणून मी ताडपत्री उचललीच नाही. मग ऊन पडलं आणि ताडपत्रीखाली फुलं उबून गेली.

ताडपत्री उचलली तेव्हा जो वास आला तो मला ओळखावा लागला नाही. तोच वास कित्येक वर्षं संध्याकाळी माझ्या दारातून आत यायचा. मी तिथंच स्लॅबवर बसले.

वास गल्लीत पसरला आणि तासाभरात मंडळाच्या बायका दारात. माझ्याच बायका. एकीच्या हातात काठीही होती, ती तिनं मला पाहून पाठीमागे लपवली. "ताई," ती म्हणाली, "तुमच्या घरून वास येऊन राहिला."

"येऊनच राहिला," मी म्हटलं. "या वर, पाहा. आनं आल्याच हा तं हात लावा फेकाले."

आम्ही सगळ्यांनी मिळून ती आंबलेली फुलं टोपल्यांनी उकिरड्यावर नेऊन मातीखाली गाडली. बैलांना घातली असती तर त्यांनाही चढली असती. बायका काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गावात सगळ्यांना सगळं माहीत होतं. दीर मुद्दाम घरावरून गेला आणि नाकाला खांद्यावरचा दुपट्टा लावून गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते सासूबाईंचं. वास आला तशा त्या आपल्या खोलीत गेल्या होत्या आणि दाराला आतून कडी लावली होती. मी हाका मारल्या तर आतून एवढंच म्हणाल्या, "फेक ते. घरात आनू नको."

मला कळून चुकलं की लढाई दिराशी नाहीच. वर जो ढग येत होता त्याच्याशी होती. फूल सुकलं तर पाक, ओल लागली तर दारू. मी जिद्दीनं पुन्हा साड्या अंथरल्या.

या वेळी स्लॅबचा भरवसा ठेवला नाही. ऊन असेल तोवर फुलं वर, ढग दिसला की खाली. समोरच्या खोलीतली खुर्ची, टेबल, दिवाण सगळं बाहेर काढलं आणि अख्ख्या फरशीवर फुलं पसरून पंखा पाच नंबरवर सोडला. आम्ही भिंतीच्या कडेकडेनं चालायचो. एका सकाळी मी झाडाखाली असतानाच गारा आल्या. पळून जाण्यासारखं होतं, पण साडीवर टोपलीभर फुलं पडलेली. मी घमेलं डोक्यावर पालथं घातलं आणि एका हातानं फुलं वेचत राहिले. घमेल्यावर गारांचा असा गोंगाट की मी मोठमोठ्यानं ढगाला शिव्या दिल्या त्या मलाच ऐकू आल्या नाहीत. त्या इथं लिहिण्यासारख्याही नाहीत.

तीच फुलं घरी आणून पसरली आणि लाईन गेली. पंखा थांबला. बाहेर पाऊस, आत ओली फुलं, आणि दमट हवा. मी पुठ्ठा घेऊन वारा घालायला लागले. हात भरून आले तरी लाईन येईना. खरं सांगते, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की पाडू दे झाड, कशाला हा जीवाचा आटापिटा.

इतक्यात खोलीचं दार उघडलं. सासूबाई हातात सूप घेऊन आल्या. गेले कित्येक दिवस त्या या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. त्या फुलांच्या पलीकडच्या बाजूला बसल्या आणि सुपानं वारा घालायला लागल्या.

"आई, तुमी काहून आल्या?" मी विचारलं.

"वाळले का हातानं चोळजो," त्या फुलांकडे पाहत म्हणाल्या. "आतले तुरे काढ. नाई तं पाक कडू लागते."

"तुमाले येते पाक कराले?"

त्यांचं माहेर धारणीकडचं, हे मला माहीत होतं. पाकाचं त्या कधी बोलल्या नव्हत्या. वारा घालता घालता बोलल्या. लग्न होऊन इथं आल्यावर त्या दर साली पाक करायच्या. थोरल्या पोराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तो इतका आवडे की भाकरीला लावून खाऊन झाला की ताटलीही चाटायचा. पुढे तो प्यायला लागला आणि त्यांनी पाक करणं सोडलं.

"म्याच त्याच्या तोंडाले मोह लावला," त्या म्हणाल्या. "म्हून तं झाड पाडाले हो म्हटलं. मले ते दिसत राह्यते वं."

माझ्या घरात एक माणूस इतकी वर्षं स्वतःला फाशी देत होता आणि मला वाटत होतं की त्या फक्त तूर पाखडतात. मला वाईट वाटलं आणि नवऱ्याचा पुन्हा नव्यानं राग आला. स्वतः तर गेला, आणि जाताना आईच्या गळ्यात हे बांधून गेला. मी म्हटलं, "आई, पाक होऊ द्या. आखाजीले पाहू." लाईन आली तरी त्या सूप खाली ठेवत नव्हत्या.

चैत्रात एकदाचं ऊन टिकलं. फुलं चोळून, तुरे काढून, धुऊन भिजत घातली आणि अंगणातल्या चुलीवर मंद जाळावर उकळली. गाळायला नवऱ्याचा जुना पांढरा दुपट्टा घेतला, इतक्या वर्षांत घराच्या कामी आलेली त्याची ती एकच वस्तू. रस आटवत आटवत शेवटी बोटाला चिकटणारा पाक झाला, काळसर तांबडा. एक बरणी भरली. इतक्या फुलांची, इतक्या धावपळीची एक बरणी.

आखाजी आली. पाण्यानं भरलेली कोरी घागर मांडतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, पुरणपोळी, कुरडया आणि चिंचेची आंबटगोड चिंचवणी करतात. जेवणाआधी गोवरीच्या विस्तवावर गेलेल्यांच्या नावानं घास टाकायचा. घासानं पेट घेतला तर पितर जेवले, नुसता धूर झाला तर नाराज. म्हणून सगळे घासावर तूप सोडतात, म्हणजे पेट घेणारच. दीर विस्तवासमोर बसला होता, मागे त्याची बायको, दाराशी मंडळाच्या दोघीतिघी. चिंचवणीत गुळाच्या जागी घालून उरलेल्या पाकाची बरणी मी आणून ठेवली. दिरानं तुपाची वाटी उचलली.

"तूप नको," सासूबाई म्हणाल्या. "पयले नुसता पाक टाक."

विस्तवावर मोह टाकणं म्हणजे काय हे मंडळाच्या बायकांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. भडका उडाला तर दादा जेवला, पण मग ही दारू. सासूबाईंची बोटं पदराच्या टोकाला पीळ घालत होती.

दिरानं चमचाभर पाक विस्तवावर ओतला. चर्र झालं. पाक फसफसला, फुगला, काळा पडला. जळक्या साखरेचा वास सुटला. धूर आला. ज्वाळ नाही.

"पाहा," दीर म्हणाला. "दादानं घेतलं नाई."

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमच्या दादानं उभ्या जन्मात दारूले कधी नाई म्हटलं काय? याले नाई म्हटलं, म्हंजे याच्यात दारू नाई. याच्याहून पक्का दाखला कोनता पायजे?"

जावेनं तोंडात पदर कोंबला. दाराशी उभ्या बायका उघड हसल्या. दीर तांबडालाल झाला, आणि मग, का कोण जाणे, तोही हसला.

सासूबाई हसल्या नाहीत. चमच्याला लागलेला पाक त्यांनी बोटानं पुसून तोंडात घातला. डोळे मिटून तो जिभेवर कितीतरी वेळ धरला.

"म्या तं त्याले गोडच देल्लं होतं," त्या म्हणाल्या.

"हो आई," मी म्हटलं. "तुमी गोडच देल्लं होतं."

मग त्या दिराकडे वळल्या. "त्या आऱ्यावाल्याले सांग, येऊ नको म्हनाव." दीर "बरं" म्हणाला. नवऱ्यासाठी मांडलेल्या पानात त्यांनी चिंचवणी वाढली, तिच्या शेजारी भाकरीचा तुकडा ठेवला आणि त्याच्यावर पाक ओतला, पानाच्या काठापर्यंत, आणि म्हणाल्या, "खा रे बापू. चाटून खा."

ताटली चाटणाऱ्या त्या पोराशी माझी कधी गाठ पडली नव्हती. माझं लग्न झालं ते दुसऱ्याच माणसाशी. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि त्या पोरासाठी पोटभर रडले. नवऱ्यासाठी अजूनही रडलेले नाही, आणि गावाला त्याची चर्चा करायची असेल तर खुशाल करावी.