खाली हाय

जून महिना होता आणि विकास नगरमधल्या आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा उडाला होता. इन्व्हर्टरने सकाळीच मान टाकली, कूलर मुका झाला आणि नळाला जे पाणी येत होतं त्यात नुसती चहाची पूड टाकायची बाकी होती. बाहेर लू सुटली होती. लखनौत राहून आम्हाला काही वर्षं झाली, तरी त्या तापलेल्या वाऱ्याची मला अजून धास्ती वाटते. दुपारी दाराच्या फटीतून तो आत येतो तेव्हा घरात कुणीतरी परकं शिरल्यासारखं वाटतं.

मुळात मी भित्री. कुत्री, पाली, लिफ्ट, रात्री वाजलेला फोन, मला काहीही पुरतं. माझा नवरा रेल्वेत इंजिनिअर आहे आणि तो कशालाच भीत नाही. त्यामुळे घरातली सगळी भीती एकटीने वाहायचं काम लग्नापासून माझ्याकडे आलेलं आहे, आणि ते मी मन लावून करते.

त्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. साताऱ्याकडचं गाव सोडून त्या आयुष्यात फारशा कुठे गेलेल्या नाहीत. हिंदी त्यांना येत नाही आणि यावी अशी त्यांची इच्छाही नव्हती. त्या आपलं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ घेऊन लखनौत बिनधास्त फिरायच्या. मी त्यांना ‘आई’ अशी हाक मारली की दारातला सब्जीवाला मागे वळून विचारायचा, ‘कौन आई?’, म्हणजे कोण आली? आमची लेक चौथीत. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र हिंदीतच येतं. आजी मराठीत विचारणार, नात हिंदीत सांगणार, आणि दोघींचं झकास जमायचं. मध्ये मीच अडकायचे. दिवसभर हिंदीत बोलून बोलून मला स्वप्नंसुद्धा हिंदीत पडायला लागली होती.

शनिवारी दुपारी नवरा घरी आला तो माळ्यावर चढला आणि कधीतरी सेलमध्ये घेतलेला, एकदाही न उघडलेला तंबू घेऊन खाली आला. शहराबाहेर, बक्शी का तालाब या गावाच्या पुढे त्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची आमराई होती. ‘कभी भी आइए’ असं तो सहकारी नेहमी म्हणायचा, आणि ते म्हणणं खरं धरून नवऱ्याने त्याला फोन लावला होता. आज बागेत झोपायचं, म्हणाला. मी साप म्हटलं, विंचू म्हटलं, कोल्हे म्हटलं. त्याने अमीनाबादच्या बाजारातून आणलेली मच्छरदाणी माझ्या हातात दिली. मला वाटलं, सासूबाई तरी माझ्या बाजूने बोलतील. त्या म्हणाल्या, आमच्यात उन्हाळ्यात समदी बाहेरच निजत्यात. झालं, माझा निकाल लागला.

घाईघाईत दही, पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, पाण्याचे कॅन आणि दोन सतरंज्या गाडीत कोंबल्या आणि उन्हं कलायला लागल्यावर निघालो. आमराई मुख्य रस्ता सोडून बरीच आत होती. दशहरी आंब्याची जुनी झाडं, खाली वाळलेला पाला, आणि झावळ्यांच्या खोपटात एक म्हातारा रखवालदार. त्यांना आम्ही चाचा म्हणू लागलो. त्यांनी आम्हाला बाग दाखवली. इकडे ट्यूबवेल, मागे बांधापलीकडे नहर, म्हणजे कालवा, आणि त्या कोपऱ्यात जुनी विहीर. तिचा कठडा ढासळला होता आणि आतल्या भिंतीतून पिंपळ उगवून वर आला होता. ‘उधर कोई न जाए,’ चाचा म्हणाले.

बस, तिथून पुढे माझी नजर त्या कोपऱ्यातून हलेना. सतरंजी अंथरताना मी पाठ विहिरीकडे करायची नाही असं ठरवलं. लेकीला बजावलं, थोड्या वेळाने परत बजावलं. तिने डोळे फिरवले आणि ‘पता है मम्मी’ म्हणाली. नवरा तंबूच्या काठ्यांशी झटत होता. एक काठी कुठेच बसत नव्हती आणि ती जास्तीची दिली असावी असं त्याचं मत होतं.

पण खोटं कशाला बोलू, गार वाटत होतं. ट्यूबवेलच्या जाड धारेखाली लेक न्हाली. सासूबाईंनी पाय सोडून बसून आंबा चोखला आणि लगेच आमच्याकडच्या हापूसपुढे ह्यो काय, म्हणत दुसरा घेतला. बऱ्याच दिवसांनी माझे खांदे सैल झाले. आपण उगीच घाबरतो, असं मी स्वतःला सांगितलं. तसं सांगताना सुद्धा जरा भीती वाटलीच.

आणि मग पक्षी गप्प झाले. पश्चिमेकडे आभाळ पिवळं पडलं, मग मातकट. चाचा खोपटातून ओरडले, ‘आँधी आ रही है.’ मी उठून उभी राहीपर्यंत ती आलीसुद्धा. धुळीची भिंतच्या भिंत झाडांतून अंगावर आली. डोळे उघडेनात, तोंडात माती, आणि चहूकडे धपाधप आंबे पडायला लागले. त्या आंब्यांसाठी लेक पिशवी घेऊन पळाली, एवढं मी पाहिलं. मी हाक मारली ती माझी मलाच ऐकू आली नाही. तेवढ्यात तंबू उचलला गेला. नवरा त्याच्यामागे धावला, आणि तंबूची दोरी माझ्या पायात अडकून मी पडले.

उठले तेव्हा लेक दिसत नव्हती.

धूळ जरा विरळ झाली, वारा मात्र तसाच होता. आम्ही हाका मारत होतो. नवरा एकीकडे, चाचा दुसरीकडे, मी गाडीपाशी. गाडीत नाही, गाडीखाली नाही, खोपटात नाही. मला आधी कुठे बघायला हवं ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि तिथे जायला पाय उचलत नव्हते. त्या विहिरीत वाकून बघायचं आणि आत काहीतरी दिसायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. मी सासूबाईंना म्हटलं, ‘आई, तुम्ही विहिरीकडे बघा.’ म्हणेपर्यंत त्या निघाल्याही होत्या. गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना दर पायरीला थांबणारी बाई, नऊवारीचा काचा खोचून चालली होती.

मी झाडांतून त्यांच्याकडे बघत राहिले. त्या कोपऱ्यात पोचल्या, वाकल्या, आणि वाऱ्यातून त्यांचा आवाज आला.

‘खाली हाय!’

चाचांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे वळले. ‘माताजी कह रही हैं, कुआँ खाली है. नहर देखिए, जल्दी.’

माझ्या अंगातून सगळा जीव गेला आणि परत आला. विहीर रिकामी आहे. विहिरीत नाही. देवा, विहिरीत नाही. मी सासूबाईंना लांबूनच हात वर करून खूण केली, ऐकलं म्हणून, आणि पाठ फिरवून नहरीकडे धावले. नवरा माझ्या पुढे होता, चाचा त्याच्याही पुढे.

पण पळता पळताच ती सुटका संपली, कारण विहिरीत नसेल तर मग नहरीत. बांधावर चढून पाहिलं तर कालवा काठोकाठ भरून वाहत होता. गढूळ, जाड पाणी, वर पाला आणि काटक्या. आवाज न करता भराभर पुढे जात होतं. नवऱ्याने चपला काढल्या. मी त्या पाण्यात लेकीचा लाल फ्रॉक शोधत होते आणि तो दिसू नये म्हणूनही विनवत होते. आंब्याच्या पिशवीसारखं काहीतरी वाहत आलं. ती पालापाचोळ्याची गुंडाळी होती.

तेव्हा मागून पुन्हा आवाज आला. वाऱ्याने तोडलेला, घसा फाटलेला.

‘अगं, खाली हाय! खाली!’

मी उभी राहिले. रिकामी विहीर कुणी दोनदा ओरडून सांगत नाही. आणि ‘खाली है’ असं आमच्या सासूबाई कशाला म्हणतील? त्यांना हिंदीचा एक शब्द येत नाही. विहिरीत कुणी नसतं तर त्या ‘न्हाई हितं’ म्हणाल्या असत्या. त्या मराठीत ओरडत होत्या. पोर खाली आहे. विहिरीत, खाली आहे.

मी नवऱ्याला काय सांगितलं आठवत नाही. त्याचं नुसतं नाव घेऊन किंचाळले असेन. धावताना काटे लागले, एक चप्पल गेली, हे सगळं नंतर दिसलं. तेव्हा फक्त एवढंच डोक्यात होतं की आम्ही त्यांना सोडून उलट्या दिशेला पळालो होतो, आणि किती वेळ गेला होता कोण जाणे.

सासूबाई विहिरीच्या काठावर पालथ्या पडल्या होत्या. ढासळलेल्या विटांवर छाती टेकलेली, दोन्ही हात आत. त्यांनी पदर सोडून आत टाकला होता आणि त्याचा वरचा भाग स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं होतं. मी शेजारी पडून आत वाकले. लेक दीड-दोन पुरुष खाली होती. भिंतीतून निघालेल्या पिंपळाच्या मुळीला तिने मिठी मारली होती, एक पाय विटेच्या कंगोऱ्यावर होता, दुसऱ्याला आधार नव्हता. आजीचा पदर तिने मुठीत धरला होता. तिच्याखाली काळं पाणी होतं. ती रडत नव्हती. ती इतकी थिजली होती की मी हाक मारली असती तरी तिने वर पाहिलं नसतं.

‘हलू नगंस, माझी बाय,’ सासूबाई सारख्या म्हणत होत्या. आवाज बसला होता, तरी म्हणत होत्या.

चाचांनी आंबे उतरवायची बांबूची शिडी आणली. ती आत सोडताना विटा सुटून पाण्यात पडत होत्या. चाचांनी आणि मी वरून शिडी धरली, नवरा उतरला. त्याने तिला खांद्यावर घेतलं, पण तिच्या मुठीतून पदर सुटेना. सासूबाई म्हणाल्या, सोड आता बाळा, तुझ्या बापानं धरलंय. तेव्हा कुठे बोटं उघडली. नवरा वर आला आणि मातीतच बसला. लेकीला खांद्यावरून उतरवायचं त्याला सुचेना. त्याला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला त्यात काही बरं वाटलं नाही.

लेकीचं गुडघ्याचं कातडं सोलवटलं होतं आणि घोटा मुरगळला होता, बाकी काही नाही. आंबा गडगडत गेला, धुळीत काही दिसलं नाही, आणि पायाखालचा काठ सुटला, एवढंच तिने सांगितलं. सासूबाईंची दोन्ही कोपरं विटांनी फाटली होती. चाचांच्या खोपटातल्या हळदीने त्यांनी ती स्वतःच भरली. तंबू कुठे गेला ते कुणी विचारलं नाही.

आम्ही बागेत झोपलो नाही. घरी परतलो तर वीज अजून आलेली नव्हती. त्या उकाड्यात चौघंही एकाच खोलीत बसलो. लेक आजीच्या मांडीवर झोपून गेली. सासूबाईंनी तिच्या केसातली माती काढत, माझ्याकडे न बघता विचारलं,

‘खाली म्हंजे ह्या लोकांत काय?’

मी सांगितलं. रिकामं.

त्या म्हणाल्या, ‘मी वरडत हुते खाली हाय, खाली हाय. तू ऐकलंस. हात बी केलास. आन् समदी पाठ फिरवून पळालात. मला वाटलं, माझं ध्यान सुटलं का काय. पोर हाय का न्हाई, म्हनून परत वाकून बघितलं.’

मला रडू आलं ते तेव्हा. विहिरीवर आलं नव्हतं.

‘मग खालीला काय म्हनत्यात?’ त्यांनी विचारलं. ‘नीचे,’ मी म्हटलं. त्यांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला.

सासूबाई गावी परत गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. तिथे सगळे खालीच म्हणतात, खाली म्हणजे काय हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. फोनवर त्या नातीला गावाकडच्या गोष्टी सांगतात, गाय व्याली, आंब्याला मोहोर आला, मांजराची पिल्लं फडताळाच्या... आणि तिथे त्या थांबतात. मी स्वयंपाकघरात असले तरी हातातलं काम सोडून ऐकत राहते. मग त्या सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणतात, ‘नीचे. फडताळाच्या नीचे हायती. कळलं का गं, बाय?’ आणि लेकीने कळलं म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत.