देव्हाऱ्यातली सीडी

बिराप्पाच्या देव्हाऱ्यात बिरोबा, खंडोबा आणि तुळजाभवानीच्या टाकांशेजारी एक सीडी उभी असायची. पाहुणे हसायचे, "मामा, ह्यो कुठला देव म्हणायचा?" मेंढरं राखणारा माणूस, बोलायला आधीच कंजूष. तो नुसतं सीडीला हळदकुंकू लावायचा आणि बाहेर पडायचा.

त्या सीडीत त्याची बायको होती. भूमजवळच्या त्यांच्या गावात आराधी मेळा होता, त्यात ती, अयोध्या, देवीची गाणी म्हणायची. कुण्या कंपनीनं त्या गाण्यांची व्हिडिओ सीडी काढली आणि तुळजापुरात स्टॉलवर विकायला ठेवली. गाणाऱ्या बायांना एकेक नारळ मिळाला, सीडी नाही. बिराप्पानं आपल्याच बायकोचा आवाज विकत आणला. वर्षभरात अयोध्या काविळीनं गेली. मोनिका तेव्हा रांगत होती.

आता मोनिकाचं लग्न ठरलं होतं. घरातला प्लेअर ती कळती व्हायच्या आधीच भंगारात गेलेला, त्यामुळं आईचा आवाज पोरीच्या कानावर कधी पडलाच नव्हता. "अण्णा, मला दुसरं काय नगं," ती म्हणाली. "आईचं गाणं तेवढं मोबाइलमधी घालून आणा." बिराप्पानं तिचं मेमरी कार्ड खिशात टाकलं, सीडी उपरण्यात गुंडाळली आणि भूमची एसटी धरली.

स्टँडसमोर आरिफचं मोबाइलचं दुकान. जुन्या सीड्या कॉम्प्युटरवर उतरवून देणारा आता तोच उरला होता. "सॉफ्टवेअर फुकटच मिळतं, मामा. सीडी तेवढी धड पायजे," म्हणत त्यानं सीडी उजेडात धरली. चकचकीत बाजूवर गोल गोल चरेच चरे.

"ही पुसता कशानं?"

"पुसत न्हाय, घासतो," बिराप्पा ताठ्यानं म्हणाला. "दर नवरात्राला, घट बसायच्या आधी. टाकांसंगं, राखंनं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय म्या."

अति तिथं माती म्हणतात. इथं राख, एवढाच काय तो फरक. असल्या भक्तीचा संताप येतो, पण तो काढायचा कुणावर? ह्या माणसानं आयुष्यात जपली ती हीच एक वस्तू.

"राखंनं चरे पडत्यात, मामा," आरिफ हळूच म्हणाला. बिराप्पाला कळायला वेळ लागला. कळलं तसा तो स्टुलावर बसला आणि आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला.

सॉफ्टवेअर एकेक गाणं उतरवायला लागलं. पडद्यावरची पट्टी जरा सरकायची, की अडायची. चित्राचे नुसते चौकोनी तुकडे. अयोध्याचं गाणं सगळ्यात शेवटचं, सीडीच्या कडेला, आणि घासताना जोर कडेलाच पडलेला. तिथं खरखरीशिवाय काही नव्हतं. आरिफनं सीडी धुऊन पाहिली, दुसऱ्या कॉम्प्युटरात घालून पाहिली. फक्त पहिल्या गाण्याचा आवाज धड निघाला. बाईचा खणखणीत सूर दुकानभर घुमला.

"आल्या बघा मामी!" आरिफ हरखून म्हणाला.

"ही पारूबाई," बिराप्पा म्हणाला. "मेळ्याची म्होरकी. पोरगी ल्हान असतानाच ती बी गेली."

"मग दुसरी सीडी कुठं..."

"पोरीला एक द्यावी म्हणून तुळजापूर पालथं घातलं बाबा. आता कुणी ठेवत न्हाय."

आरिफनं तेवढं एक गाणं कार्डात घातलं. कीबोर्डवर बोटं ठेवून त्यानं विचारलं, "नाव काय टाकू?"

बिराप्पानं सीडी पुन्हा उपरण्यात गुंडाळली. मग म्हणाला, "अयोध्या टाक."

आरिफनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि टाकलं.

घरी कार्ड मोबाइलमध्ये घालून मोनिका उंबऱ्यातच बसली. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं, डोळ्यांना पदर लावला आणि गाण्याबरोबर गुणगुणायला लागली. "अण्णा, आईचा आवाज माझ्यासारखाच हाय की ओ!"

"व्हय," बिराप्पा म्हणाला.

लग्नापर्यंत घरात रोज पारूबाई गात राहिली. अयोध्याचा खरा आवाज आता एकट्या बिराप्पाच्याच कानात उरला होता, आणि हळदीच्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की तो आपल्यालाही नीट आठवत नाही.