कानपिळी आणि लसणीची पाकळी

कानाच्या डॉक्टरला किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. लोक ते घरी आणून देतात, आणि तेही नेमके जेवायच्या वेळेला. सत्तरच्या आसपास भवानीपूरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी दवाखाना थाटला, तेव्हा आई म्हणाली होती, कलकत्त्यात मराठी माणसं ती किती, आणि त्यांतले कान दुखणारे ते किती! आईचा अंदाज साफ चुकला. कान आपणहून दुखायला लागेपर्यंत वाट बघणारी आमची माणसंच नव्हेत.

माझं सांगणं एवढंच असायचं, की कानातला मळ म्हणजे घाण नव्हे, ती कानाची राखण आहे. तो आपला आपण बाहेर येतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. पण ज्या उपायात काहीच करायचं नसतं, तो उपाय कुणाला उपायच वाटत नाही. मग कान बंद पडायचा, ती मंडळी माझ्याकडं यायची, मी कान मोकळा करून द्यायचो, आणि जाताना दारात ठरलेलं वाक्य ऐकायचो: "तसा तेलानं सुटलाच होता म्हणा. तुम्ही फक्त बाहेर काढलात."

*

गोखले रोज ट्रामनं डलहौसीला बँकेत जायचे. तिकीट हातात पडलं की त्याची बारीक सुरळी करायची आणि उतरेपर्यंत ती कानात फिरवत बसायचं. अर्धं कलकत्ता हेच करायचं म्हणा. एकदा सुरळीचा तुकडा आतच राहिला. गोखले घरी कुणाला बोलले नाहीत. पुढं कान ठणकायला लागला तेव्हा वहिनी त्यांना धरून घेऊन आल्या.

मी चिमट्यानं तुकडा काढून ट्रेमध्ये ठेवला. गोखल्यांनी चष्मा चढवला, टाचणीनं सुरळी उलगडली, नीट न्याहाळली आणि ट्रे माझ्याकडं सरकवला.

"हे माझं नाही," ते म्हणाले. "हे सेकंड क्लासचं आहे. मी फर्स्ट क्लासनं जातो."

वहिनींनी वाकून ट्रेमध्ये पाहिलं. त्या म्हणाल्या, "मग ह्यांच्या कानात कोण बसून गेलं, तेवढं बघा हो डॉक्टर."

*

कुलकर्णी पुण्याहून बदलून आलेले, केंद्र सरकारच्या ऑफिसातले. थंडीत त्यांच्या डाव्या कानाला दडा बसला. कुलकर्णी वहिनींनी तिळाच्या तेलात लसूण कढवायला घेतली. तो वास शेजारी गेला आणि शेजारच्या बौदी, म्हणजे बंगाली वहिनी, आल्या. तिळाचं तेल कानात? छे! कानात घालायचं ते मोहरीचंच, त्यांच्या आजीपासून तसं चालत आलंय. वहिनी पुण्याच्या हिंदीत बोलत होत्या, बौदी बंगाली हिंदीत. कुणी ऐकेना. शेवटी असं ठरलं, की डाव्या कानात पुण्याचं तेल घालायचं आणि उजव्या कानात बंगालचं.

उजव्या कानाची काही तक्रार नव्हती. पण कुलकर्ण्यांना कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघंही माझ्याकडं. दोन्ही कान लालबुंद, दोन्ही बंद. मी कुलकर्ण्यांना विचारलं, दुखतंय का? ते म्हणाले, मंगळवारी. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात बौदी पुढं झाल्या.

"डाक्तारबाबू, कौन जीता?"

*

मैदानावर लाल पागोटेवाले कान साफ करणारे बसायचे. पागोट्यात कापूस खोचलेला, हातात सळई. आमचे जोशी एका रविवारी तिथं कान साफ करून आले आणि मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर मला बाजूला घेऊन त्यांनी काड्यापेटी उघडून दाखवली. आत एक खडा. "कानातून निघाला माझ्या! आणि तुम्ही म्हणता कान आपोआप साफ होतो."

मी त्यांना समजावलं. कानात खडा होत नसतो, तो त्या माणसाच्या बोटांत आधीपासून असतो, दिवसभर तोच खडा गिऱ्हाइकांच्या कानांतून निघत राहतो. घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. बाजूला उभे असलेले साठे सगळं लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, चला, एकाला तरी पटलं.

साठ्यांनी खिशातून आपली काड्यापेटी काढली.

"जोशी," ते म्हणाले, "माझा मोठा आहे."

*

बराकपूरचे दामले मात्र माझे आज्ञाधारक पेशंट. तुळशीचा रस, कांद्याचा रस, विडीचा धूर, सगळं करून झाल्यावर आले होते. त्या दिवशी मी वैतागलेलो होतो. त्यांना खडसावून सांगितलं, यापुढं कानात काही म्हणजे काहीही घालायचं नाही. कोण सांगतं त्याकडं बघायचं नाही. दामल्यांनी मान खाली घालून कबूल केलं.

महिन्यानं लोकलनं सियालदापर्यंत आणि तिथून बसनं हेलपाटत तपासायला आले. मी कपाळावर आरसा बांधला, कानात घालायचं नळकांडं हातात घेतलं. दामल्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. हात काढायला तयार होईनात. दिवा लावला, समजूत घातली, दरडावलं.

"तुम्हीच बजावलंत," ते म्हणाले. "कोण सांगतं त्याकडं बघायचं नाही."

*

आणि हा आमच्या घरातला.

माझी धाकटी बहीण कुमुद शाळेत भूगोल शिकवायची. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगायची, की लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. मुलगे "बघू" म्हणायचे. त्यांच्या आया तेवढंही म्हणायच्या नाहीत. असं बरेचदा झालं. मग श्रीकांत आला. नागपूरहून बदलून आलेला, बँकेत ऑफिसर, आईबरोबर डमडमला राहणारा.

दोघांना बोलायला म्हणून माझ्या दवाखान्यात बसवलं. आईनं श्रीकांतला पंख्याखालची चांगली खुर्ची दिली होती. कुमुद बोलायला लागली तसा तो उठला, वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि पेशंटच्या डगमगत्या स्टुलावर बसला. आईला वाटलं, वारा सोसत नसेल. कुमुदनं आपली अट सांगितली. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान डोलावली. "मधे न बोलता ऐकून घेणारा पहिला माणूस," कुमुद आईला म्हणाली, आणि होकार देऊन मोकळी झाली.

साखरपुड्याला माझ्या मनात पाल चुकचुकली. बाबा डावीकडं बसून त्याला बदलीचं विचारत होते. पुन्हा पुन्हा विचारलं. हा समोर बघून हसत लाडू खात राहिला. ते कुमुदनंही पाहिलं. तेव्हापासून तिला एकच घोर: त्यानं आपली अट ऐकली होती, की नुसतीच मान डोलावली होती? सरळ विचारायचा तिला धीर होईना. नाही म्हणाला तर? शेवटी ती माझ्यावर घसरली. "दादा, गावाचे कान बघतोस, एवढा एक बघता येत नाही तुला?"

बघू कसा? ठरलेल्या जावयाचा कान तपासायला मागायचा म्हणजे आपल्या हातानं लग्न मोडायचं. मी विहीणबाईंकडं आडून आडून विषय काढला. "आमच्या घरात कानाचं दुखणं नाही कुणाला," त्या म्हणाल्या. "दर रविवारी मी स्वतः तेल घालते." हे ऐकून माझी उरलीसुरली झोप उडाली.

राहता राहिली कानपिळी. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो. कानाच्या डॉक्टरला परवानगी न मागता कान धरता येईल, असा हाच एक विधी. मी त्या एका क्षणाची वाट बघत होतो.

अक्षता पडल्या. लाजाहोमाच्या वेळी गुरुजींनी मला पुढं बोलावलं. मंडळी हसायला लागली, "डॉक्टर, जोरात!" मी श्रीकांतचा डावा कान धरला, पण पिळला नाही. वर आणि मागं ओढला, म्हणजे आतली नळी सरळ होते, आणि वाकून आत पाहिलं. लोडशेडिंग चाललेलं, हॉलमध्ये होमाचा धूर. मी कान न सोडता मामांकडं हात केला. "टॉर्च."

तेल आणि मळाच्या चिखलात लसणीची एक पाकळी घट्ट रुतून बसली होती.

"काय आहे?" कुमुदनं विचारलं.

"लसूण."

"ऐकू येत असेल?"

"या कानानं? काहीही नाही."

कुमुदचा चेहरा उतरला. मग ती गुरुजींकडं वळली. सप्तपदी जरा थांबवा, म्हणाली, यांना एक गोष्ट परत सांगायचीय आणि ती यांच्या कानात जायला हवी. मुहूर्त होऊन गेलेला, त्यामुळं गुरुजींना तरी काय बोलता येणार होतं? मामा पलीकडच्या गल्लीतून माझी बॅग घेऊन आले. मुंडावळ्या बाजूला करून मी मळ काढायचा आकडा आत घातला. श्रीकांत मधेमधे काहीतरी सांगायला तोंड उघडायचा. मी दटावायचो, बोलू नका, जबड्याबरोबर कान हलतो. तो गप्प बसायचा. सगळं वऱ्हाड माना उंचावून बघत होतं, आणि जोशी आणि साठे तर पाटापर्यंत आले होते.

पाकळी निघाली. विहीणबाईंनी ती जवळून पाहिली.

"तेलानं सुटलीच होती," त्या म्हणाल्या.

मी होमाकडं बघत राहिलो. लग्नाच्या दिवशी विहिणीशी भांडू नये एवढं मलाही कळतं.

कुमुद त्याच्या समोर उभी राहिली. आवाज वर्गातला होता. मागं पंगतीची तयारी करणारे आचारीसुद्धा बाहेर आले.

"लग्नानंतर मी शाळा सोडणार नाही. ऐकू आलं?"

श्रीकांतनं कान चोळला.

"आलं," तो म्हणाला. "त्या दिवशीही आलं होतं. म्हणून तर हो म्हटलं."

मग तो माझ्याकडं वळला.

"डॉक्टर, उजव्या कानानं मला व्यवस्थित ऐकू येतं. खुर्ची सोडून त्या स्टुलावर उगाच नव्हतो बसलो."