बोटीला हात करायचा नाही!

आमच्या दुबईतल्या मनखूलच्या बिल्डिंगमध्ये किस्से दाराबाहेरच्या चपलांसारखे साठतात. एक जोडी येते, मागोमाग दहा जमतात, आणि निघताना कुणाची कुठली तेच कळत नाही. पण हे किस्से कुणाचे ते मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या कर्णिकांचे! मी स्वतः होते तिथे.

*

आता मी त्यांच्या ट्रिपमध्ये घुसले कशी, ते आधी सांगते. आमचे हे तिकडे लांब रुवैसला नोकरीला, वीकेंडलाच घरी येतात. त्यामुळे एरवी माझा एक कान कर्णिकांच्या दाराकडे असतो.

एक दिवस कर्णिकांच्या शालनवहिनी फोनवर लेकीला म्हणत होत्या, "केतकी, तिकडे जाऊन दोन वर्षं झाली तुला. मी काही बोलायला लागले की तुझं आपलं 'मम्मी, कॉल यू लेटर'. ते लेटर कधी येतं गं?"

दार उघडं होतं म्हणून ऐकू आलं. म्हणजे, थोडं मी ढकललं होतं.

कर्णिकभाऊजी रिटायर होणार होते. व्हिसा खलास, की दोघं कायमचे पुण्याला. त्याआधी आठवडाभर लेकीकडे स्वीडनला जायचं ठरलं. मी म्हटलं, "वहिनी, सोबतीला येऊ का?"

भाऊजी म्हणाले, "नाही म्हटलं तर भिंतीला कान लावून ऐकाल. त्यापेक्षा चलाच!"

*

आठवडाभर केतकी ऑफिसला आणि आम्ही तिघं तिच्या सोफ्यावर. शेवटच्या दिवशी तिने सुट्टी काढली, तीही अर्धीच! सकाळी बोटीने एक छोटं बेट बघायचं, एकच्या बोटीने परत, तीनला तिची मीटिंग. दुसऱ्या दिवशी आमचं विमान.

भाऊजींनी विचारलं, "बेटावर एसी आहे ना?"

"बाबा, देअर इज नो एसी. नो कार्स, नो मॉल."

"मग आहे काय?"

"नथिंग, बाबा. दॅट्स द पॉइंट!"

वहिनींनी गुपचूप पर्समध्ये ब्राह्मीच्या तेलाची बाटली टाकली. लेकीच्या केसांना लावायला दुबईहून आणलेली, आठवडाभर ती तशीच बंद होती.

*

बेट केवढं? चालत अर्ध्या तासात संपतं. पण मैत्रिणींनो, मी बोटीतून उतरले आणि माझी बडबड बंद झाली! भाऊजींनी घड्याळ लावलं होतं म्हणे. सलग अकरा मिनिटं.

आमच्याकडे रस्त्याकडेच्या गवतालासुद्धा नळी लावून पाणी पाजतात. इथे कुणी न लावलेली झाडं, कुणी न घातलेलं पाणी, आणि पायाखाली निळी निळी बोरंच बोरं! मी हळूच विचारलं, "केतकी, मालक कोण?"

"एनीवन कॅन पिक, काकू."

मी एक तोडलं आणि आधी मागे वळून पाहिलं. वॉचमन नव्हताच. वहिनींनी एक तोंडात टाकलं, आणि देवळात तीर्थ घेतात तसा हात डोक्यावरून फिरवला.

*

भाऊजींची सगळी नोकरी समुद्रात वाळू ओतून जमीन करण्यात गेली. तिथे एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला खडकात ठोकलेली लोखंडी कडी दाखवली. त्यांचे पणजोबा म्हणे तिला होडी बांधायचे. कडी पाण्यापासून केवढी वर, शेवाळ्यात!

"पाणी उतरलं?" भाऊजी म्हणाले.

"नो, बाबा. द लँड इज रायझिंग. बाय इटसेल्फ."

पूर्वी म्हणे इथे डोंगराएवढं बर्फ बसलं होतं. ते वितळून हजारो वर्षं झाली, तरी दबलेली जमीन अजून पाठ सरळ करते आहे!

भाऊजींनी टोपी काढली. वाकून खडकाला हात लावला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "साइट इंजिनियर कोण आहे हिचा?"

वहिनी म्हणाल्या, "ओझं उतरलं तरी वर यायला वेळ लागतोच हो."

*

बेटाच्या धक्क्यावर बोट आपोआप थांबत नाही. खांबाला ताटाएवढी पांढरी तबकडी असते. दोरी ओढून ती वर केली तरच बोट थांबते. वहिनी ते बघताक्षणी शिकल्या, मलाही दोनदा शिकवलं.

मी म्हटलं, "आपल्या बिल्डिंगमध्ये दारोदार अशी तबकडी हवी. वर असेल तरच शेजाऱ्याने यावं!"

"तुम्ही तबकडी बघणार कधी, आत आल्यावर?" भाऊजी म्हणाले.

एकची बोट दिसली. खांबापाशी भाऊजी उभे. आता या माणसाने सारा जन्म दुबईत टॅक्सी थांबवल्या! दोरी राहिली बाजूला, भाऊजींनी हात वर केला आणि अरबीत ओरडले, "यल्ला हबीबी!"

कॅप्टनने प्रेमाने हात हलवला. बोट गेली.

पुढची चारला. मीटिंग गेली. केतकीचा पारा चढला, आणि त्यात फोनची बॅटरी संपली. वहिनींनी पर्समधून तेलाची बाटली काढली.

"मम्मी, नॉट हिअर!"

"बस खाली."

बसली. पाच मिनिटं इंग्लिश, मग अर्धं अर्धं, मग स्वच्छ मराठीत, "आई, मला इथे खूप एकटं वाटतं गं."

मी ऐकायला दोन दगड पुढे सरकले होते. ते ऐकलं आणि चार दगड मागे गेले.

*

चारची बोट आली. वहिनी आम्हाला म्हणाल्या, "या वेळी खांबापाशी मी." केतकी दगडावर बसलेली, अर्धीच वेणी घातलेली, काहीतरी सांगत होती. दोरी वहिनींच्या मुठीत. बोट जवळ आली. आणखी जवळ. वहिनींनी दुसरा हात वर केला आणि छान हलवला.

कॅप्टननेही हलवला. बोट गेली!

"अगं शालन, तबकडी!" भाऊजी ओरडले.

"अय्या, दोरी ओढायची होती होय?" वहिनी म्हणाल्या, आणि वेणीकडे वळल्या. "हं, मग? पुढे सांग."